एकाहून अधिक पोशिंद्यांवर जगणारे परजीवी : नारूच्या जीवनचक्राच्या निमित्ताने

प्रास्ताविक

प्राणिशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमात परजीवींची जीवनचक्रे हा हमखास येणारा भाग आहे. मध्ये वर्तुळ, वर्तुळावर बाण, प्रत्येक बाणाशेजारी अवस्थेचे नाव आणि दोन बाजूंना दोन पोशिंदे अशी आकृती विद्यार्थी पाठ करतात व परीक्षेत बिनचूक काढतात. त्या बाणाचा अर्थ काय, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. वास्तविक प्रत्येक बाण म्हणजे एका प्राण्याच्या शरीरातून बाहेर पडून दुसऱ्या, सर्वस्वी भिन्न जातीच्या प्राण्याच्या शरीरात शिरण्याचा प्रवास होय. हा प्रवास बहुतेक वेळा फसतो. जो क्वचित साधतो त्यावर त्या जातीचे अस्तित्व अवलंबून असते.

ज्या परजीवींना आपले जीवनचक्र पूर्ण करण्यासाठी एकाहून अधिक पोशिंद्यांची गरज भासते, त्यांच्या बाबतीत दोन परस्परविरोधी विधाने सारख्याच अधिकाराने करता येतात. पहिले असे, की अनेक पोशिंदे मिळाल्यामुळे परजीवीचे सामर्थ्य वाढते. दुसरे असे, की प्रत्येक अधिक पोशिंदा हा साखळीतील एक अधिक दुवा असून कोठलाही एक दुवा तुटला तर सारी साखळी निकामी होते. यांपैकी कोणते विधान खरे, हे केवळ तर्काने ठरत नाही. त्यासाठी एखादे उदाहरण मुळापासून तपासावे लागते. प्रस्तुत लेखात त्यासाठी नारू हा कृमी निवडला आहे. त्याची निवड करण्याचे कारण असे, की नारूवर आजतागायत औषध नाही, लसही नाही. तरीही केवळ जीवनचक्राच्या ज्ञानाच्या बळावर भारताने हा रोग संपविला. आणि ज्या आकृतीच्या आधारे हे घडले, ती आकृतीच अपुरी असल्याचे २०१२ नंतर आफ्रिकेत दिसून आले.

संज्ञांविषयी

ज्या प्राण्याच्या शरीरात परजीवी प्रौढावस्थेस पोहोचून लैंगिक प्रजनन करतो त्यास अंतिम पोशिंदा म्हणतात. ज्याच्या शरीरात केवळ वाढीच्या अवस्था अथवा अलैंगिक प्रजनन होते तो मध्यस्थ पोशिंदा. यांखेरीज एक तिसरा प्रकार आहे. परजीवीची डिंभावस्था अशा प्राण्याच्या शरीरात वाढत नाही, बदलत नाही, फक्त जिवंत राहते आणि त्या प्राण्याला दुसऱ्या कोणी खाण्याची वाट पाहते. त्यास येथे वाहक पोशिंदा म्हटले आहे. या तिसऱ्या प्रकाराकडे पाठ्यपुस्तके जाता जाता पाहतात. पुढील विवेचनात त्याला महत्त्व येणार आहे.

'पोशिंदा' या शब्दाऐवजी 'यजमान', 'पोषक' किंवा 'आश्रयदाता' असे पर्यायही मराठीत रूढ आहेत. आपल्या बोलण्यात पोशिंदा म्हटले की शेतकरी डोळ्यांपुढे येतो. देणाऱ्याची इच्छा त्या शब्दात गृहीत आहे. परजीवीच्या संदर्भात देणे स्वेच्छेचे नसते, एवढे ध्यानात ठेवून तो वापरण्यास हरकत नसावी.

अंतिम आणि मध्यस्थ या विशेषणांत मोठेपणा-लहानपणाचा भाग नाही, हे विद्यार्थ्यांना सांगावे लागते. हिवतापाच्या परजीवीचे लैंगिक प्रजनन ॲनोफेलिस डासाच्या शरीरात होते. म्हणून त्याचा अंतिम पोशिंदा डास आणि मध्यस्थ पोशिंदा मनुष्य. हे ऐकून वर्गात दरवर्षी कोणीतरी चमकते. डुकरातील पट्टकृमीची गोष्ट याहून विलक्षण आहे. तेथे मनुष्य हा अंतिम पोशिंदा आणि डुक्कर हा मध्यस्थ. परंतु त्या कृमीची अंडी दूषित अन्नपाण्यावाटे मनुष्याच्या पोटात गेली तर मनुष्य डुकराची जागा घेतो, आणि जी पुटिका डुकराच्या मांसात व्हावयाची ती मनुष्याच्या मेंदूत होऊन आकडीचा विकार जडतो. ज्याने जन्मात डुकराचे मांस चाखलेले नाही अशा शाकाहारी व्यक्तीलाही तो होऊ शकतो. आकृतीतील बाण आपण समजतो तितके एकमार्गी नसतात, याची ही पहिली खूण.

शोधाचा इतिहास

एकच जीव दोन भिन्न शरीरांत दोन भिन्न रूपांनी राहतो, ही कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत शास्त्रज्ञांनाही सुचलेली नव्हती. गोगलगायीत सापडणारी शेपटीवाली सूक्ष्म डिंभके आणि मांसात सापडणाऱ्या पुटिका यांना स्वतंत्र प्रजातींची नावे दिली गेली होती. १८४२ मध्ये डॅनिश प्राणिशास्त्रज्ञ स्टीनस्ट्रुप यांनी पिढ्यांच्या आलटून-पालटून येण्याची कल्पना मांडली आणि या वेगवेगळ्या 'जाती' एकाच जीवाच्या अवस्था असू शकतात, हे लक्षात येऊ लागले. १८५५ मध्ये जर्मन वैद्य क्युखेनमायस्टर यांनी देहदंडाची शिक्षा झालेल्या एका कैद्याला डुकराच्या मांसातील पुटिका त्याच्या नकळत अन्नातून खाऊ घातल्या आणि शिक्षेनंतर त्याच्या आतड्यात कोवळे पट्टकृमी शोधून काढले. प्रयोग निर्णायक होता. तो आज कोणत्याही नीतिसमितीपुढे क्षणभर टिकला नसता, आणि त्या काळीही त्यावर टीका झाली होती.

नारूच्या मध्यस्थ पोशिंद्याचा शोध रशियन निसर्गशास्त्रज्ञ अलेक्सेई फेदचेन्को यांनी १८७० च्या सुमारास तुर्कस्तानात, समरकंदच्या परिसरात लावला. माशांत राहणाऱ्या एका गोलकृमीची डिंभके सायक्लॉप्स या सूक्ष्म जलचरात वाढतात, हे ठाऊक असलेल्या ल्युकार्ट यांनी त्यांना या दिशेने पाहण्याचे सुचविले होते. मनुष्याचा एखादा परजीवी संधिपाद प्राण्याच्या शरीरात वाढतो, हे त्यामुळे प्रथमच दिसून आले. मॅन्सन यांचे हत्तीरोगाच्या कृमीवरील डासांतील काम त्यानंतरचे, आणि रॉस यांनी सिकंदराबाद येथे २० ऑगस्ट १८९७ रोजी डासाच्या जठरभित्तीत हिवतापाचा परजीवी पाहिला तो त्याच्याही नंतर, सुमारे सत्तावीस वर्षांनी. रॉस यांचे नाव सर्वांच्या ओठी आहे. फेदचेन्को यांचे नाव प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांनाही आठवावे लागते. ते १८७३ मध्ये माँ ब्लां पर्वतावर, वयाची तिशीही गाठण्यापूर्वी मरण पावले.

नारूचे जीवनचक्र

नारूचे शास्त्रीय नाव ड्रॅकन्क्युलस मेडिनेन्सिस. मादी सुमारे दोन मिलिमीटर जाड आणि पाऊण ते एक मीटर लांब असते; नर मात्र जेमतेम काही सेंटिमीटरांचा. मनुष्याच्या त्वचेखाली, बहुतेक वेळा पायात, मादी वावरते. तिच्या शरीरात लक्षावधी डिंभके तयार झालेली असतात. ती त्वचेच्या पृष्ठभागाशी येते तेव्हा तेथे फोड उठतो आणि असह्य आग होते. पाय गार पाण्यात बुडविला म्हणजे थोडा आराम वाटतो, म्हणून रोगी पाण्यात उतरतो. पाण्याचा स्पर्श होताच फोडातून मादीचे तोंडाकडील टोक बाहेर येते आणि दुधासारख्या द्रवाबरोबर डिंभके पाण्यात सोडली जातात. रोग्याची वेदना आणि परजीवीची सोय यांची ही सांगड अचंबित करणारी आहे. आग होणे हे रोगाचे लक्षण म्हणून आपण नोंदवितो. परजीवीच्या बाजूने पाहता ती पाण्यापर्यंत पोहोचण्याची वाट आहे.

पाण्यात सुटलेले डिंभक फार तर काही दिवस जगते. तेवढ्या अवधीत सायक्लॉप्सने ते गिळले पाहिजे. सायक्लॉप्स हा एक-दोन मिलिमीटरचा कवचधारी प्राणी. त्याच्या कपाळावर एकच डोळा असल्यामुळे ग्रीक पुराणातील एकाक्ष राक्षसाचे नाव त्याला मिळाले. तळ्याच्या, संथ विहिरीच्या पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर झटके देत पोहणारा आणि मादी असल्यास मागे अंड्यांच्या दोन पिशव्या वागविणारा हा जीव कोणत्याही महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत दिसतो. त्याच्या शरीरात सुमारे दोन आठवडे राहून दोन वेळा कात टाकल्यावर डिंभक संसर्गक्षम होते. त्यापूर्वी असा सायक्लॉप्स पोटात गेला तरी काही होत नाही.

असे पाणी मनुष्याने प्यायले की जठरातील आम्लाने सायक्लॉप्स मरतो, पण डिंभक मरत नाही. ब्रिटिश कृमितज्ज्ञ लायपर यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पश्चिम आफ्रिकेतील आपल्या अभ्यासातून ही पायरी स्पष्ट केली. मोकळी झालेली डिंभके आतड्याच्या भित्तीतून बाहेर पडतात. सुमारे तीन महिन्यांनी नर-मादीचा संयोग होतो, नर मरतो आणि मादी वाढत, सरकत त्वचेकडे येते. या साऱ्याला दहा ते चौदा महिने, म्हणजे जवळजवळ एक वर्ष लागते. तोपर्यंत रोग्याला कसलीही जाणीव नसते.

या एक वर्षाच्या अवधीचे परिणाम केवळ जीवशास्त्रीय नाहीत. ज्या ऋतूत संसर्ग होतो त्याच ऋतूत पुढील वर्षी कृमी बाहेर पडतो. अनेक प्रदेशांत हा काळ नेमका पेरणीचा किंवा सुगीचा असतो. रोगी मरत नाही, पण कित्येक आठवडे अंथरुणाला खिळतो. कृमी काडीवर गुंडाळीत दररोज काही सेंटिमीटर बाहेर ओढावा लागतो. घाई केल्यास तो तुटतो आणि आत राहिलेल्या भागाने पाय सुजून, पिकून येतो. मालीतील डोगोन लोक या व्याधीला 'रिकाम्या कणगीचा रोग' म्हणतात. एकदा होऊन गेला म्हणून प्रतिकारशक्ती येत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा होतो. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागांत ज्येष्ठांना 'नारू' हा शब्द अजून आठवतो. तरुण विद्यार्थ्यांना मात्र तो समजावून सांगावा लागतो, आणि ही समाधानाची गोष्ट आहे.

दोन पोशिंदे कशासाठी?

येथे स्वाभाविक प्रश्न उद्भवतो, की इतका अवघड मार्ग उत्क्रांतीत टिकला कसा? एक मादी लक्षावधी डिंभके सोडते. लोकसंख्या स्थिर राहावयाची तर सरासरीने त्यांपैकी एकच डिंभक पुन्हा प्रजननक्षम मादी होत असले पाहिजे. उरलेली सगळी फुकट जातात. एवढा अपव्यय सोसूनही दुसरा पोशिंदा कशासाठी?

कृमींच्या बाबतीत या प्रश्नाचा पद्धतशीर विचार पार्कर, चब, बॉल व रॉबर्ट्स यांनी २००३ मध्ये मांडला. त्यांच्या मते पोशिंद्यांची भर दोन दिशांनी पडू शकते. परजीवीच्या मूळ पोशिंद्याला एखादा भक्षक खात असेल आणि परजीवी त्या भक्षकाच्या पोटात टिकून राहिला तर भक्षक हा नवा अंतिम पोशिंदा होतो. मोठ्या शरीरात अधिक वाढ आणि अधिक अंडी शक्य होतात. उलट, परजीवीची अंडी अंतिम पोशिंद्यापर्यंत थेट क्वचितच पोहोचत असतील आणि ती खाणारा लहान प्राणी त्या पोशिंद्याचे भक्ष्य असेल, तर तो लहान प्राणी मध्यस्थ म्हणून साखळीत जोडला जातो. दोन्ही बाबतींत मूळ गोष्ट एकच : कोण कोणाला खातो. परजीवीचे जीवनचक्र हे त्या परिसरातील अन्नजालावर काढलेले चित्र होय. अन्नजाल बदलले तर चित्र बदलेल. लेखाच्या पुढील भागाचा आधार हाच आहे.

दुवा नसला म्हणजे काय होते, याचे एक उदाहरण आपल्या कोकणात आहे. मूत्रमार्गाचा शिस्टोसोमियासिस हा आफ्रिकेतील कोट्यवधी लोकांना पीडणारा रोग. त्याच्या पर्णकृमीला बुलिनस प्रजातीच्या गोगलगायी मध्यस्थ म्हणून लागतात, आणि त्या भारतात नाहीत. त्यामुळे बाहेरून रोगी आले तरी रोग येथे रुजत नाही, अशी समजूत होती. १९५२ मध्ये गाडगीळ आणि शहा यांनी रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी या गावी स्थानिक रोग्यांचे एक केंद्र असल्याचे प्रसिद्ध केले. तेथे मध्यस्थ म्हणून फेरिसिया टेन्युइस ही टोपीच्या आकाराची चिमुकली गोगलगाय काम करीत असल्याचे पुढे दिसून आले. औषधोपचार व गोगलगायींचे नियंत्रण यांनी तो प्रादुर्भाव आटोक्यात आला आणि देशभर पसरला नाही. या उदाहरणाचे दोन्ही अर्थ लक्षात घ्यावेत. योग्य गोगलगायीच्या अभावी रोग एका खेड्यापुरता राहिला, हे खरे. पण पुस्तकात ज्या प्रजातीचे नाव नव्हते अशा गोगलगायीने तो तेथे टिकवून धरला, हेही खरे.

भारतातील नारू-निर्मूलन

नारूच्या साखळीत मनुष्याच्या हाती असलेले दुवे मोजकेच आहेत. शरीरात शिरलेल्या कृमीवर औषध नाही. सायक्लॉप्स सर्वत्र आहे. त्याचा निःपात अशक्य आणि अनावश्यक. उरतात दोन क्षण : रोग्याचा पाय पाण्याला लागण्याचा क्षण, आणि पाणी ओठांना लागण्याचा क्षण. भारतातील सारा कार्यक्रम या दोन क्षणांभोवती उभा राहिला.

पायऱ्यांच्या विहिरी, मराठवाड्यात ज्यांना बारव म्हणतात, त्या आपल्या वास्तुपरंपरेचे भूषण आहेत. परंतु नारूच्या दृष्टीने त्यांच्याइतकी सोयीची जागा नाही. पाणी भरणारा माणूस पायऱ्या उतरून घोटाभर पाण्यात उभा राहतो, घागर बुडवितो आणि तीच घागर पिण्यासाठी घरी नेतो. उन्हाळ्यात पाणी खाली जाते, तसे पायही खाली जातात आणि सायक्लॉप्सची गर्दी उरलेल्या थोड्या पाण्यात एकवटते. याउलट ज्या विहिरीला कठडा आहे आणि पाणी रहाटाने किंवा पोहऱ्याने शेंदले जाते तेथे पाय पाण्याला लागत नाही आणि साखळी तेथेच तुटते.

तत्कालीन म्हैसूर संस्थानातील चित्रदुर्ग भागात मूर्ती आणि स्वीट यांनी १९३० च्या दशकात या विहिरींचा बारकाईने अभ्यास केला. सायक्लॉप्स खाणारे मासे विहिरीत सोडून रोग कमी करण्याची जैविक पद्धत त्यांनी १९३६ मध्ये मांडली. याच संशोधकांनी कुत्र्यांना प्रयोगशाळेत नारूचा संसर्ग घडवून आणला होता. त्या प्रयोगाची नोंद ग्रंथालयांत राहिली आणि व्यवहारात तिच्याकडे फारसे कोणी वळून पाहिले नाही.

राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रम १९८३-८४ मध्ये सुरू झाला. त्या सुमारास देशात सुमारे ४० हजार रुग्ण नोंदविले गेले. राजस्थान, मध्य प्रदेश, गुजरात, महाराष्ट्र, कर्नाटक, आंध्र प्रदेश आणि तामिळनाडू ही बाधित राज्ये. पायऱ्यांच्या विहिरींचे रूपांतर, हातपंप, पाण्यात टेमेफॉस या रसायनाची अल्प मात्रा, घरोघरी रुग्णशोध, जखमेवर पट्टी व रोग्याला पाण्यापासून दूर ठेवणे आणि पाणी दुहेरी कापडातून गाळणे असे उपाय एकाच वेळी योजले गेले. यांतील शेवटचा उपाय सर्वांत स्वस्त. सायक्लॉप्स डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढा मोठा असल्यामुळे साध्या सुती कापडाच्या घडीत तो अडकतो. पाणी गाळून पिण्याची आपल्याकडील जुनी रीत येथे अक्षरशः उपयोगी पडली. (ओघाने एक गोष्ट : बांगलादेशात घड्या घातलेल्या जुन्या साडीतून पाणी गाळल्याने पटकीचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने घटल्याचे कॉलवेल व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखविले. पटकीचे जीवाणू सायक्लॉप्सच्याच भाऊबंदांना चिकटून राहतात.)

देशातील शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानातील जोधपूर जिल्ह्यात आढळला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचे प्रमाणित केले. या यशाचे श्रेय वैद्यकशास्त्राला द्यावे की स्थापत्य अभियांत्रिकीला, असा प्रश्न कोणी केला तर उत्तर देणे अवघड आहे. रोगाची यादी वैद्यकाची, विहिरीचा कठडा अभियंत्याचा आणि घागरीवरचे फडके घरातील स्त्रीचे. मात्र या तिघांनाही कोठे हात घालावयाचा हे ज्या ज्ञानाने सांगितले, ते समरकंदच्या पाण्यात एका निसर्गशास्त्रज्ञाने मिळविलेले होते.

चाडमधील कुत्री

जगभर १९८६ मध्ये नारूचे अंदाजे ३५ लाख रुग्ण होते. तेव्हापासून ही संख्या वेगाने घटत गेली. २०१५ मध्ये केवळ २२ रुग्ण उरले. मनुष्य हाच एकमेव महत्त्वाचा अंतिम पोशिंदा आहे, हे निर्मूलन शक्य मानण्यामागील मुख्य गृहीतक होते. बुखारा परिसरात १९३१ पर्यंत मनुष्यांतील नारू संपविण्यात आला. तेथे व अन्यत्रही कुत्र्यांत तो तुरळक आढळला होता. पण मनुष्यातील प्रसार थांबला की कुत्र्यांतीलही आपोआप मावळतो, असाच अनुभव होता. म्हणून कुत्रा हा अपवाद मानला गेला आणि आकृतीत त्याला जागा मिळाली नाही.

मध्य आफ्रिकेतील चाड या देशात दहा वर्षे एकही रुग्ण नोंदविला गेला नव्हता. २०१० मध्ये तेथे पुन्हा रुग्ण आढळले, आणि त्यांचे वितरण चमत्कारिक होते. एरव्ही नारू एका पाणवठ्यावरील अनेकांना एकदम होतो. येथे शारी नदीच्या काठच्या गावांत एक येथे, एक तेथे असे विखुरलेले रुग्ण होते, आणि पुढील वर्षी त्याच गावात त्याची पुनरावृत्तीही होत नव्हती. २०१२ मध्ये कुत्र्यांत नारू आढळू लागला, तोही मनुष्यांपेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात. जनुकीय तपासणीत कुत्र्यांतील आणि मनुष्यांतील कृमी एकाच जातीचे ठरले. २०१९ मध्ये एकट्या चाडमध्ये १,९०० हून अधिक कुत्री बाधित असल्याचे नोंदविले गेले. इथिओपियात बबून वानरांतही हा कृमी सापडला आहे.

कुत्र्याच्या पाणी पिण्याच्या पद्धतीमुळे एक अडचण उपस्थित होते. कुत्रा जिभेने लपालपा पाणी पितो. अशा पिण्यात सायक्लॉप्स पोटात जाण्याचा संभव फारसा नाही, असे एबरहार्ड व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये मांडले. मग कृमी येतो कोठून? त्यांनी वाहक पोशिंद्याकडे बोट दाखविले. उन्हाळ्यात नदीकाठची डबकी आटविली की मासे मोठ्या प्रमाणावर पकडले जातात. ते साफ करताना आतडी व बारीक मासे तेथेच टाकले जातात आणि ते कुत्री खातात. सायक्लॉप्स खाल्लेल्या माशाच्या किंवा बेडकाच्या शरीरात नारूचे डिंभक जिवंत राहत असेल तर मार्ग स्पष्ट होतो. पुढे प्रयोगशाळेत बेडकाच्या पिलांत डिंभके टिकतात व त्यांच्यामार्फत फेरेट या मांसाहारी प्राण्याला संसर्ग होतो, असे आढळले. चाडमधील रानच्या बेडकांतही ती सापडली. अर्धवट शिजविलेल्या माशांवाटे मनुष्यालाही याच मार्गाने संसर्ग होत असावा. दूषित पाणी आणि जलचरांचे भक्षण यांपैकी कुत्र्यांच्या बाबतीत कोणाचा वाटा किती, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत.

असे घडण्याचे कारण काय असावे? माझ्या मते कृमीत काही क्रांतिकारक बदल झाला असे मानण्याची गरज नाही. हा मार्ग पूर्वीही उघडा असावा. मूर्ती-स्वीट यांच्या प्रयोगाने कुत्र्याच्या शरीरात कृमी वाढू शकतो हे तर तेव्हाच दाखविले होते. लाखो मनुष्यांच्या गर्दीत कुत्र्यांचा हा आडमार्ग दिसत नव्हता. हमरस्ता बंद झाल्यावर तो दिसू लागला. अर्थात हे अनुमान आहे, आणि भारतात ज्या कुत्र्यांनी बारवांचे पाणी प्यायले त्यांच्यात तो का टिकला नाही, याचे उत्तर या अनुमानालाही द्यावे लागेल. मासेमारीची पद्धत, टाकलेली आतडी आणि गावात मोकळी फिरणारी कुत्री यांचा जो संयोग शारी नदीच्या काठी आहे तो राजस्थानच्या कोरड्या पट्ट्यात नव्हता, एवढे तूर्त म्हणता येते.

उपायही त्यानुसार बदलले. माशांची आतडी पुरणे, मासे पूर्ण शिजविणे, बाधित कुत्र्याला कृमी बाहेर पडेपर्यंत बांधून ठेवणे आणि त्याची माहिती देणाऱ्यास बक्षीस देणे ही कामे आता चाडमध्ये पाणी गाळण्याइतकीच महत्त्वाची झाली आहेत. २०२४ मध्ये जगात मनुष्यांतील रुग्ण केवळ १५ होते, नऊ चाडमध्ये व सहा दक्षिण सुदानमध्ये. परंतु त्याच वर्षी बाधित प्राण्यांची नोंद साडेसहाशेहून अधिक झाली. निर्मूलनाचे पहिले लक्ष्य १९९५ चे होते. ते अनेकदा पुढे ढकलले जाऊन आता २०३० वर आले आहे.

वर्गातील आकृती

आपल्याकडे नारू नाही तो सायक्लॉप्स नाहीसा झाला म्हणून नव्हे. महाविद्यालयाजवळच्या तळ्यातून आणलेल्या पाण्याच्या नमुन्यात तो दर वर्षी सापडतो. प्रात्यक्षिक परीक्षेत त्याची काचपट्टी ओळखण्यासाठी ठेवली जाते आणि विद्यार्थी वर्गीकरण, एक डोळा, अंड्यांच्या दोन पिशव्या असे गुणदर्शक मुद्दे लिहितात. नारूचा उल्लेख शंभरांत एखादाच करतो.

गेली काही वर्षे प्रस्तुत लेखक फळ्यावर नारूचे जीवनचक्र काढताना मनुष्य आणि सायक्लॉप्स यांच्याशिवाय खाली एक मासा, एक बेडूक आणि एक कुत्रा काढतो व त्यांना जोडणारे बाण तुटक रेषेने दाखवितो. तुटक रेषा कशासाठी, असे विद्यार्थी विचारतात; त्यावर चाडची हकीकत सांगता येते आणि तास त्यातच संपतो. मागील वर्षी शेवटच्या बाकावरील एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, परीक्षेत कोणती आकृती काढायची?" पुस्तकातली काढा आणि खाली टीप लिहा, असे उत्तर दिले. तिने वहीत दोन्ही आकृत्या काढून घेतल्या होत्या.